पाऊण किलोचा ब्रश

माझ्या संग्रहात अलीकडेच दाखल झालेला दाढीचा ब्रश पाऊण किलोचा आहे. केसांना वजन असं नसतंच, हे सगळं वजन मुठीचं. स्टेनलेस स्टीलचा रॉड लेथवर उतरवून ती केलेली आहे. बाकीचे ब्रश कपाटात काचेच्या फळ्यांवर उभे असतात. हा खाली, लाकडी कप्प्यात, इस्त्रीशेजारी ठेवावा लागला.

आपण दाढीचे ब्रश जमवतो, हे लोकांना सांगणं अवघड जातं. नाणी किंवा तिकिटं म्हटलं की समोरचा मान डोलावतो. त्याला त्यातलं काही कळत नसलं तरी त्याचा आवाज खाली येतो. ब्रश म्हटलं की तो आधी माझ्या गालाकडे पाहतो आणि मग विचारतो, "तोंड तं एकच आहे नं?" यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही. बायकोला सुचलेलं आहे. ती पाहुण्यांना सांगते, "दुसऱ्यांचे नवरे पेतेत. याइचं एवढंच आहे."

सुरुवात भिलाईत, पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात झाली. मी तिथल्या पोलादाच्या प्लांटच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचो. एका सुटीच्या दिवशी बसची वाट पाहत उभा असताना एका जनरल स्टोअरवाल्यानं जुना माल बाहेर काढून ठेवलेला दिसला. आटलेली शाई, कडक झालेले रबर बँड, आणि त्यांत शिसवी मुठीचा एक दाढीचा ब्रश. तो दुकानात कधी आला हे मालकालाही आठवत नव्हतं. मी घेतला. तेव्हापासून कुठल्याही गावाला गेलो की लोक देऊळ आणि किल्ला विचारतात, मी जुनं जनरल स्टोअर विचारतो. आता निवृत्त झाल्यावर तर विचारायला वेळच वेळ आहे.

पुढे कळलं की असे आणखी लोक आहेत. फोनवर त्यांचा एक गट आहे, आणि मी त्यात आहे. ही मंडळी पुण्या-बंगळुरूकडची, सुस्थितीतली. ब्रशचा फोटो काढायचा तर ते तो नदीतल्या गोट्यावर ठेवतात आणि बाजूला नेच्याचं पान. खाली लिहितात की या ब्रशला कणा आहे, पण टोकाला तो मवाळ आहे. आमच्याकडे निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाबद्दलही कोणी इतकं चांगलं बोलत नाही. मी गटात फारसं लिहीत नाही. पण वाचतो रोज, हे कबूल करायला हवं.

ब्रशचे केस कशाचे असतात हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि ते तसंच राहिलेलं बरं. शेजारच्या गृहस्थांनी एकदा माझं कपाट बघताना विचारलं, "ये बाल किसके होते हैं?" मी म्हणालो, सस्त्यातले बरेचसे डुकराचे. ते कांदाही न खाणारे. चहा संपवून गेले. त्यानंतर त्यांनी दाढी वाढवली. कॉलनीत सगळ्यांना वाटतं की ते अध्यात्माकडे वळले.

हा नवा ब्रश मात्र मी हौसेनं घेतलेला नाही. तो माझ्या वडिलांसाठी करवून घेतला होता.

बाबा पंच्याऐंशीच्या घरात आहेत. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून तरुणपणी ते भिलाईला आले आणि प्लांटमध्ये क्रेन चालवायला लागले. वितळलेल्या पोलादानं भरलेली बादली, जिला तिथं लेडल म्हणतात, उंचावरच्या केबिनमध्ये बसून या टोकाकडून त्या टोकाकडे न्यायची, हे त्यांचं काम. बादली म्हटलं तरी ती आमच्या बैठकीच्या खोलीत मावणार नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लांटच्या टाउनशिपमधलाच क्वार्टर लीजवर घेतला. त्यात आम्ही राहतो. आई गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्याला नोकरी करते. म्हणजे घरात आम्ही तिघं: बाबा, मी आणि माझी बायको.

बाबांच्या गावात न्हावी होता, पण आमच्या वस्तीसाठी नव्हता. तो म्हशी भादरायचा, आमच्या लोकांना हात लावायचा नाही. त्यामुळे वस्तीतली माणसं बाजाराच्या आदल्या दिवशी एकमेकांची दाढी करत. वस्तीत मिळून एक वस्तरा होता. ब्रश, साबण हे काही नव्हतं. पाणी लावायचं, गाल चोळायचा आणि डोळे मिटून बसायचं. आजोबांनी नागपूरला जाऊन धम्म स्वीकारला, त्यानंतरही न्हाव्यानं आपलं धोरण बदललं नाही. बाबांनी भिलाईला आल्यावर पहिल्या पगारातून काय घेतलं, तर आरसा, रेझर आणि ब्रश. तेव्हापासून त्यांची दाढी त्यांनीच केली आहे. रोज. शिफ्ट कुठलीही असो, ताप असो, आई गेली त्या दिवशीसुद्धा.

टाउनशिपमधल्या न्हाव्याला कोणाचंच वावडं नव्हतं. नंबर लागला की बसा. बाबा केस कापायला त्याच्याकडे जात, पण दाढीला कधी बसले नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "जवा पाहिजे होता तवा थो नव्हता. आता मले गरज नाही." यात राग नव्हता. ते रोजचं ताजं दूध घेतात आणि पाकिटातलं घेत नाहीत, त्याच सुरात ते बोलले होते.

माझ्या संग्रहाबद्दल त्यांचं मत संक्षिप्त होतं. "एका मानसाले एक ब्रश." त्यांचा स्वतःचा ब्रश लाल प्लास्टिकच्या मुठीचा. केस झडले की तसाच दुसरा.

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की थोडा फरक पडेल. पडला, थोडाच. चहाचा कप अर्धा भरायला सुरुवात झाली. शर्टाची बटणं माझ्याकडे आली, वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचणं आलं. हे सगळं त्यांनी कुरकुर न करता मान्य केलं. दाढीचं मात्र त्यांनी मान्य केलं नाही. साबणाचा फेस नाकात, कानात, आरशावर जायचा. रेझरनं गाल कापायचा. बायको रोज त्यांच्या बनियनचा गळा थंड पाण्यात भिजत घालायची.

तोडगे पुष्कळ होते. कॉलनीत म्हाताऱ्या माणसांकडे घरी येणारा एक न्हावी आहे. बायकोनं सुचवलं, "मामाजी, त्याले बोलावू का?" आमच्या विदर्भाकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी म्हणाले, "कायले? मी मेलो का?"

मग मुलीनं पुण्याहून बॅटरीवर चालणारा ट्रिमर पाठवला आणि फोनवर समजावलं. "आजोबा, कटच नाही लागणार. बस ऐसे घुमाना है, अपने आप हो जाता है."

"अपने आप होते न?" बाबांनी विचारलं.

"हाव."

"मंग मी काय करू? थ्याले सांग, तूच करून घे."

ट्रिमर डब्यात परत गेला. आमच्या घरात तेव्हा एकच प्रश्न होता: बाबांची दाढी यापुढे बाबांच्या हातानं होणार की दुसऱ्या कोणाच्या. न्हावी, ट्रिमर, गोळ्या, सगळं त्याभोवती फिरत होतं. मीही दबकत विचारून पाहिलं होतं की मी करून देऊ का. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले ब्रश समजते," ते म्हणाले. "दाढी येगळी."

मग एक दिवस न्याहारी करताना त्यांनी आपला सिद्धांत मांडला. पोह्यांचा चमचा त्यांच्या हातात हलत होता आणि ते त्याच्याकडे तक्रारीनं नाही, तपासणीनं पाहत होते.

"क्रेनचा रिकामा हूक हालते," ते म्हणाले. "थोडा झटका दिला का झुलाले लागते. पन भरलेली लेडल नाही हालत. सीधी जाते. कावून?"

मी म्हणालो, "वजन असते म्हणून."

"बस. माजा ब्रश रिकामा हूक आहे. थ्याले वजन दे. आधी ब्रश जमू दे, मंग रेझर पाहू."

हे मला पटलं. पटायला नको होतं. मी आयुष्यभर पोलादाच्या तुकड्यांना ताण देऊन ते कधी तुटतात हे पाहिलेलं आहे. बाबांचा दंड म्हणजे क्रेनचा गर्डर नव्हे, हे मला दिसायला हवं होतं. पण एक तर ते वडील. दुसरं म्हणजे घरात पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे ब्रशबद्दल काही मागत होतं. पंचवीस वर्षं संग्रह करणाऱ्या माणसाला याचा मोह किती पडतो हे संग्रह न करणाऱ्याला कळणार नाही.

मूठ करायची, पण केस कुठले? बाबा कपाटासमोर खुर्ची घेऊन बसले. मी एकेक ब्रश काढून देत होतो आणि ते तो गालावर दाबून पाहत होते. शिसवी मुठीचा, घोड्याच्या केसांचा, नायलॉनचा. "हा टोचते. हा मेला आहे. हा बायकाइच्या पावडरचा आहे का?" शेवटी एका ब्रशवर ते थांबले. गालावर, हनुवटीवर, पुन्हा गालावर. तो बॅजर नावाच्या विलायती प्राण्याच्या केसांचा होता, आणि माझ्याकडचा सगळ्यांत महाग. मी तो कधी पाण्यात बुडवलेलाही नव्हता.

"याचे केस काढ," ते म्हणाले.

ब्रशच्या केसांचा जुडगा मुठीत गोंदानं बसवलेला असतो. तो सोडवायचा तर वाफ द्यावी लागते, आणि आमच्या घरात वाफ देणारं एकच भांडं आहे. बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा ब्रश इडलीपात्रात उभा होता.

"डुकराचे केस? माझ्या इडलीच्या भांड्यात?"

"डुकराचे नाहीत. बॅजरचे आहेत."

"थो कोन?"

मी सांगितलं की आपल्याकडे ज्याला बिज्जू म्हणतात, साधारण त्याच्या नात्यातला.

"कबर उकरते थो बिज्जू? थो तुम्ही मामाजीच्या तोंडाले लावून राहिले?"

इडलीपात्र त्यानंतर माझ्या मालकीचं झालं.

मूठ करायला आम्ही जवळच्या कारखान्यांच्या वसाहतीत, रसमड्याला गेलो. तिथं माझ्या शाळेतल्या मित्राचं वर्कशॉप आहे. त्याचे वडील गोंदियाकडचे शेतकरी, ते आणि बाबा एकाच शिफ्टला असत. मित्राला प्लांटमध्ये नोकरी लागली नाही, म्हणून त्यानं रसमड्यात लेथ टाकल्या. आमच्यापेक्षा तोच सुखी निघाला. बाबांना पाहून त्यानं त्यांच्यासाठी ऑफिसमधली फिरती खुर्ची बाहेर आणवली. बाबा तिच्यावर बसले आणि त्यांनी त्याला लेडलचा सिद्धांत सांगितला.

"काकाजी, हे दाढीसाठीच आहे नं?" मित्रानं विचारलं. "का कोनाच्या डोक्यात घालाचं आहे?"

"तू बनव. डोकं मंग पाहू."

"लाकडाची करून देतो न मस्त. शिशाचा तुकडा टाकतो अंदर. स्टीलची कायले?"

"आयुष्य स्टीलमधी गेलं. आता लाकडाकडे जाऊ?"

आमचं तिघांचंही जेवण स्टीलमधूनच आलं होतं. पकड सुटू नये म्हणून बाबांनी मुठीवर बारीक चौकड्यांच्या खाचा पाडून घेतल्या, अवजारांच्या दांड्यावर असतात तशा. जाडी ते स्वतः हातात धरून ठरवत होते. मित्रानं वरचा भाग आरशासारखा चमकवला आणि मग त्याला उत्साह आला.

"काकाजी, नाव टाकू का? खाली लिहून देतो, इतके वर्षं सेवा. एकदम मोमेंटो वाटन."

"नाव कायले? हरवते का थो? एवढा जड आहे, चोरला तरी चोर गेटपर्यंत नाही नेत."

नाव टळलं, पण मित्राचा उत्साह आवरला नाही. दोन दिवसांनी त्यानं ब्रश पाठवला तो लाल मखमलीच्या पेटीत. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की शाल, श्रीफळ आणि अशीच पेटी मिळते. तिच्यात काय आहे हे कोणी पाहत नाही, कारण तोवर भाषणं सुरू झालेली असतात. माझ्याही निरोपाला एक मिळाली होती. तिच्यात काचेचा हंस होता.

पहिला प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. थंडी होती. बाबांनी नेहमीप्रमाणे मगात कढत पाणी घेतलं आणि नेहमीप्रमाणे ब्रश त्यात मुठीसकट बुडवून ठेवला. प्लास्टिकच्या ब्रशला ते असंच करत आले होते. मी बाजूला उभा होतो. पोलाद तापतं, हे त्या बाथरूममध्ये उभ्या असलेल्या दोघांनाही माहीत होतं. एकाची तर त्यावर अख्खी नोकरी झाली होती. बाबांनी ब्रश उचलला, "अरे बाप" म्हणाले आणि सोडला. पाऊण किलो स्टील बेसिनच्या कडेवर पडलं. बेसिनचा मुठीएवढा तुकडा निघून जमिनीवर गेला.

बायको धावत आली. तिनं आधी बाबांचा तळवा पाहिला, मग बेसिन, मग मला.

"ब्रशले काही नाही झालं," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी, पाणी कोमट करून, प्रयोग पुन्हा झाला आणि यशस्वी झाला. खरंच झाला. बाबांनी मूठ आवळली, ब्रश साबणावर फिरवला, गालाला लावला. हात हलत नव्हता. फेस गालावर, जिथं हवा तिथंच, गोल गोल चढत गेला. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"पाह्य," ते म्हणाले. "लेडल."

मी त्या दिवशी दुपारी ब्रशचा फोटो गटात टाकला. गोटा नव्हता, बेसिनच्या तुटलेल्या कडेवरच ठेवून काढला. गटात खळबळ उडाली. एकानं लिहिलं की असा भारदस्तपणा त्यानं कुठल्याच मुठीत पाहिलेला नाही. दुसऱ्यानं तुटलेल्या चिनी मातीच्या पार्श्वभूमीचं कौतुक केलं, त्याला ती कल्पकता वाटली. तिघांनी विचारलं की हा कारागीर ऑर्डर घेतो का.

बाबांच्या गालावर मात्र हा भारदस्तपणा फार टिकला नाही. डावा गाल होईपर्यंत हात स्थिर राही. हनुवटीपाशी दंड भरून येई. उजव्या गालापर्यंत पोचेस्तोवर पाऊण किलो पाच किलो झालेलं असे, आणि मग हात आधीपेक्षा जास्त हले, कारण आता तो थकलेलाही असे. खाचांमुळे तळव्याची कातडी सोलली. आठवडाभर त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मूठ आवळली की तोंड वाकडं होतं, ते आरशात दिसत होतं. मला वाटलं होतं ते हट्टानं चालवतील. पण प्लांटमध्ये काम केलेल्या माणसाला माल नापास करता येतो.

"ठेवून दे तुज्या कपाटात," एका सकाळी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "क्रेनचे हात नाही दुखत. हे आपन नाही धरलं हिशोबात."

"आपण" त्यांनी म्हटलं. हे त्यांचं मोठेपण.

असा तो माझ्या संग्रहात आला. एक ब्रश वाढला, एक गेला. बॅजरची रिकामी मूठ अजून तशीच उभी आहे. बाबा पुन्हा लाल प्लास्टिककडे वळले. फेस पुन्हा कानात जाऊ लागला. त्याचं एवढं काही नव्हतं, फेस पुसता येतो. रेझरचं काय करायचं, हे आम्ही कोणीच बोलत नव्हतो. इतके दिवस ब्रशच्या मागे लागल्यामुळे ते बोलावं लागलं नव्हतं, इतकंच.

जानेवारीतल्या एका सकाळी कानाखाली चांगलंच कापलं. मी तुरटी शोधत होतो. बाबा बेसिनला कोपर टेकून उभे होते, अर्ध्या तोंडाला फेस, रेझर हातात हलतोय, आणि मानेवरून रक्त बनियनमध्ये उतरत होतं. बायको चहा घेऊन दारात आली आणि थांबली.

"मामाजी, द्या इकडे."

"काय?"

"रेझर. तिकडं कुकर लावला आहे मी. इकडं तुमचं हे. द्या."

आमच्या घरात सून सासऱ्याला हात लावते तो पाया पडताना. तीस वर्षं ती त्यांच्या ताटात वाढते आहे, पण चहाचा कपही हातात न देता टेबलावर ठेवते. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. रेझर त्यांनी दिला नाही. तिनं कप खिडकीत ठेवला, पदर खोचला आणि त्यांच्या बोटांतून तो काढून घेतला. जोर लावावा लागला नाही.

"बसा स्टुलावर. तोंड फुगवा."

बाबा बसले. गाल फुगवला, आणि लगेच सोडून म्हणाले, "वरून खाली घे. उलटा नको."

"माहीत आहे मले."

"तुले कसं माहीत?"

"माझ्या बापाची केली मी. शेवटी शेवटी. तोंड फुगवा म्हटलं न."

तिचे वडील गेले तेव्हा ती चार महिने माहेरी होती. मला वाटत होतं की ती तिथं स्वयंपाक आणि औषधं पाहत होती. रात्री मी तिला विचारलं, इतके दिवस हे बोलली का नाहीस. "कोनी विचारलं?" ती म्हणाली. "तुम्ही तं रसमड्याले गेले होते."

ती काही फार नाजूक हातानं करत नव्हती. भांडं घासावं तसं, मन लावून आणि घाईत. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. एक गाल झाला, गळा झाला, ओठाच्या वरचं झालं. उजव्या गालावर फेसाची एक पट्टी राहिली असताना कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिनं रेझर धुऊन बाबांच्या हातात परत दिला.

"एवढी तुम्ही करा. सपाटच आहे."

आणि ती गेली.

बाबांनी डोळे उघडले. आरशात पाहिलं. मी पुढे झालो तर हातानं मला थांबवलं. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, कोपर बेसिनच्या शाबूत कडेवर टेकवलं आणि ती दोन बोटांची पट्टी उतरवली. पुष्कळ वेळ लागला. चहावर साय आली. रेझर दोनदा हलला, पण सपाट गालावर हलून काही बिघडलं नाही. शेवटी त्यांनी बोटांनी गाल चाचपला, आधी तिनं केलेला, मग आपण केलेला. चहा त्यांनी तसाच थंड प्याला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच फेस लावून स्टुलावर बसले आणि वाट पाहू लागले. हाक मारली नाही. ती आली, तिनं केली, आणि या वेळी कुकर लावलेला नसतानाही तिनं उजव्या गालावरची पट्टी ठेवली.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. बाकीची दाढी तिची, पट्टी त्यांची. फक्त पट्टी केवढी असावी यावर त्यांचं एकमत झालेलं नाही. बाबांना कानापासून हनुवटीपर्यंत पाहिजे असते. ती त्यांचा हात पाहून ठरवते. हात बरा असला की तीन बोटं, जास्त हलत असला की एक. एक बोट मिळालं की बाबा न्याहारीला बोलत नाहीत. कालही तेच झालं. तिनं रेझर धुऊन दिला, आणि त्यांनी आरशात गाल वळवून पाहिला.

"आज कमी ठेवली तू."

"हात पाहा न तुमचा, मामाजी."

"हाताचं मी पाहून घेईन. तू पट्टी ठेव."